दुबईत बारा वर्षं होत आली, आता सगळं वेगळंच वाटायलंय. तुमचंही असंच झालं काय?

खानापूरकर_दुबई:

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, नंदगडच्या बाजूचा. बेळगावात आयटीआय केलं, तिथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये थोडी वर्षं काढली आणि २०१३ साली एसी मेंटेनन्सच्या कामावर दुबईला आलो. त्या वर्षी रुपया जोरात पडलेला, दिरहमला १८ च्या आसपास गेलेला, त्यामुळं गावात जो तो म्हणायचा आत्ताच जा, नंतर असा भाव मिळायचा नाही.

आलो तेव्हा दुबईच्या करामा भागात बेड स्पेस, म्हणजे भाड्यानं फक्त एक कॉट. एका खोलीत दुमजली कॉट लावलेले, प्रत्येकाच्या कॉटला दोरीवर पडदा, पडद्याच्या आत मोबाईलचा चार्जर, गणपतीचा छोटा फोटो आणि घडी घातलेले कपडे. तेवढीच जागा आपली. किचनला पाळी असायची, बाथरूमला पाळी असायची. तरी तेव्हा मजा वाटायची हो, खरं सांगतो. सुट्टीच्या दिवशी अब्रात, म्हणजे छोट्या होडीत, बसून एका दिरहममध्ये खाडी ओलांडायची, बर दुबईच्या देवळाच्या बोळात हार-फुलं बघत फिरायचं, संध्याकाळी मेट्रोनं जाऊन बुर्ज खलिफाखाली कारंजं बघत उभं राहायचं. बेळगाव, हलगा, कडोली, चंदगड अशी सगळीकडची पोरं होती, गुरुवारी रात्री मटण व्हायचं आणि शुक्रवारी दुपारपर्यंत झोप.

आता दुबईतल्याच कुसैसला माझी स्वतःची खोली आहे, पगार चार हजारांच्या वर गेलाय, कंपनीची गाडी आहे. पण त्या पोरांतलं एक पण इथं राहिलेलं नाही. कोण कतारला, कोण कॅनडाला, दोघं गावाकडं. नवीन ओळखी होतात पण जुन्यासारख्या घट्ट होईनात. कारंजं बघून किती वर्षं झाली आठवत पण नाही, तिथून रोज गाडी घेऊन जातो तरी मान वळत नाही. आणि सुट्टीला गावी गेलो की पहिले चार दिवस बरं वाटतं, मग सगळे आपापल्या कामाला लागतात आणि मी घरात पाहुण्यासारखा बसून. बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटला पूल झाला, ओळखीची दुकानं गेली, कट्ट्यावर बसलेली पोरं मला ओळखत नाहीत.

घरी बायको आणि मुलगी, मुलगी आता चौथीत. आई-वडील पण तिथंच. बायको म्हणते एकदा तिकडं घेऊन तरी जा. वडील म्हणतात शेजारचं दोन एकर विकायला निघालंय, ते घेऊन टाक आणि दोन-तीन वर्षांत परत ये. मला दोन्ही पटतं आणि दोन्हीची भीती वाटते. बाहेर खूप वर्षं काढलेल्यांना विचारायचं आहे, हे असं सगळ्यांचं होतं काय? का माझंच मन उडालंय? आणि तुम्ही पुढं काय केलं?

*

उद्यमबागचा_काका:

बाळा, तुझं मन उडालेलं नाही. मी १९९६ ला गेलो आणि कोविडनंतर कायमचा परत आलो, शहापूरला घर आहे. तू लिहिलंयस त्यातलं जवळजवळ सगळं मी बघितलंय, फक्त तारखा वेगळ्या.

एक गोष्ट आधी ध्यानात घे. दुबईत दर दहा माणसांतली नऊ बाहेरची. आणि त्यातल्या बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला, दोन-दोन वर्षांनी रिन्यू होणारा. प्रोजेक्ट संपला, कंपनी बसली की माणूस महिन्या-दोन महिन्यांत शहराबाहेर. मी २००८-०९ ची मंदी तिथं काढली, आमच्या बिल्डिंगीतले मजलेच्या मजले रिकामे झालेले. एक केरळचा माणूस माझ्याबरोबर आठ-नऊ वर्षं एकाच साईटवर, त्याच्या मुलीच्या बारशाचे पेढे मी खाल्लेले, तो एका आठवड्यात सामान बांधून गेला आणि परत कधी भेट नाही. त्यामुळं जुनी माणसं राहिली नाहीत हे तुझ्या स्वभावामुळं झालेलं नाही. ते शहरच असं आहे की तिथं शेजाऱ्याबरोबर म्हातारं होता येत नाही. आपल्या गल्लीत भांडण झालं तरी दहा वर्षांनी तोच माणूस समोर असतो, त्याची आपल्याला सवय.

दुसरं म्हणजे ते शहर पण थांबत नाही. मी गेलो तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची बऱ्याच ठिकाणी, २००६ ला शुक्रवार-शनिवार झाली, २०२२ पासून शनिवार-रविवार. तुझी गुरुवारची मटणाची रात्र पोरांबरोबर गेली तशी कॅलेंडरमधून पण गेली. मेट्रो २००९ च्या सप्टेंबरमध्ये आली, त्याआधी आम्ही बसच्या रांगेत घामानं भिजत उभे. घरी फोन करायचा म्हणजे कार्ड खरवडायचं आणि मिनिटं मोजत बोलायचं. २०१८ ला ५ टक्के व्हॅट आला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की ही स्वस्ताई कायमची नव्हे. म्हणजे तू म्हणतोस मी बदललो, पण ज्या दुबईवर तुझा जीव होता ती पण आता तिथं नाही.

परत येण्याबद्दल सांगतो. परत येणं म्हणजे दुसऱ्यांदा परदेशी जाणं असतं, तेवढी तयारी धरूनच यायचं. मला उद्यमबागेत पाय रोवायला दोन वर्षं गेली. तिथली शिस्त डोक्यात, इथं सप्लायर उद्या देतो म्हणाला की चार दिवस. कामगार सुगीत सुट्टीवर. वीज, जीएसटी, बँक, प्रत्येक ठिकाणी मी नवखा. पण बेळगावात मशिनिंग, फाउंड्री, हायड्रॉलिक्सचं काम चांगलं आहे, हाताला काम येत असेल तर माणूस उपाशी राहत नाही. तुझा एसीचा हात आहे, चिलर-डक्टिंगचं येत असेल तर हॉस्पिटलं, हॉटेलं, कारखाने सगळ्यांना माणूस पाहिजे आहे. यायचं तर अंगात दम आहे तोवर ये, साठीला येऊन धंदा सुरू होत नाही.

आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब आत्ताच करून ठेव. पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, त्यानंतर वर्षाला ३० दिवसांचा. बेसिकवर मिळतं, एकूण पगारावर नाही, बरीच पोरं इथं गंडतात. समज बेसिक ३००० दिरहम, तर पहिल्या पाच वर्षांचे वर्षाला २१०० आणि पुढचे वर्षाला ३०००. दहा वर्षांचे झाले २५,५००. तुझ्या काँट्रॅक्टवर बेसिक किती लिहिलाय ते बघ.

*

निपाणीची_लेक:

दादा, मी शारजात अल नहदाला राहते, मिस्टर दुबईत. लग्नानंतर २०१२ ला आले. काकांनी पुरुषांची बाजू सांगितली, मी घरातली सांगते, कारण वहिनींना आणायचं म्हणताय.

पहिली दोन वर्षं मला फार जड गेली. मिस्टर पहाटे साडेपाचला निघायचे, इत्तिहाद रोडचं ट्रॅफिक चुकवायला, आणि यायचे रात्री आठला. दिवसभर मी आणि चौदाव्या मजल्याची खिडकी. उन्हाळ्यात खाली उतरायची सोय नाही. निपाणीत आमच्या दारात दिवसभर माणसांची ये-जा, तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायका जाता-जाता दोन शब्द बोलून जायच्या, आणि इथं लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही. मग हळूहळू ओळखी झाल्या. समोरची हुबळीची निघाली, तिच्याशी कन्नडमधून बोलायला लागले. खालच्या मजल्यावर मंगळूरच्या, त्यांच्याशी कोकणी-मराठी-हिंदी सगळं मिसळून. सीमाभागातली माणसं म्हणून आपल्याला एक बरं आहे, मराठी मंडळाच्या गणपतीला पण आपण जातो आणि कन्नड संघाच्या कार्यक्रमाला पण कोणी परकं म्हणत नाही. तिकडं १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनेच्या दिवशी, आपला भाग महाराष्ट्रात गेला नाही म्हणून आपल्याकडं काळा दिवस पाळतात आणि इथं माझी शेजारीण त्याच दिवशी राज्योत्सवाचा गोड पदार्थ आणून देते, मी घेते, आणि दोघी बसून चहा पितो. माझ्या माहेरी वडील महाराष्ट्र एकीकरण समितीचे पक्के, त्यांना हे सांगितलं तर पहिल्यांदा ते गप्प झाले, नंतर म्हणाले तिला आपला कुंदा दे.

काळ कसा बदलतो ते मला बॅगेवरून कळतं. पहिली काही वर्षं गावाहून येताना तीस किलोत सगळं खाणंच असायचं. संकेश्वरी मिरचीचं वर्षाचं तिखट, स्टीलच्या डब्याला वरून टेप, त्यावर प्लास्टिक, त्यावर जुनी साडी. भडंग, चिरमुरे, शेंगाचटणी, गोकाकचा करदंट. सासूबाई एक-एक डबा हातात घेऊन वजन करायच्या. आता इथल्या लुलू सुपरमार्केटात सगळं मिळतं, ज्वारीचं पीठ पण मिळतं, म्हणून खाणं कमी झालं आणि मुलांची मराठी पुस्तकं आली. मागच्या दोन वर्षांत उलटं झालंय, मीच इकडून जाताना सासऱ्यांसाठी गुडघ्याचा पट्टा, शुगरचं मशीन, बाथरूममध्ये धरायचा दांडा असलं सामान नेते.

आता मुद्द्याचं. फॅमिली व्हिसाला २०१९ पासून हुद्दा बघत नाहीत, ४००० दिरहम पगार किंवा ३००० आणि राहायची सोय एवढं लागतं. म्हणजे तुम्ही बसता. पण बसणं वेगळं आणि भागणं वेगळं. चार-साडेचार हजारात घरभाडं, सीबीएसई शाळेची फी, बसची फी, वीज-पाणी, इन्शुरन्स हे काढल्यावर गावी पाठवायला काही उरणार नाही, हे वहिनींशी आधीच कागदावर मांडून बोला. माझं पण दुसऱ्या मुलानंतर इथं नोकरी धरल्यावरच जमायला लागलं.

आणि मुलगी चौथीत आहे म्हणालात ना, हे वय फार महत्त्वाचं. कर्नाटकात केसीईटीतून, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेतून, सरकारी सीट पाहिजे असेल तर साधारणपणे कर्नाटकात ७ वर्षं शिकलेलं लागतं आणि दहावी किंवा बारावी पण तिथूनच. आपल्या भागातल्या मुलांना महाराष्ट्रातून पण एक दार आहे, महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या वादग्रस्त ८६५ गावांतली मराठी मातृभाषेची मुलं सीमाभाग म्हणून महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगला अर्ज करू शकतात, पण त्याला पण दहावी-बारावी त्या भागातून झालेली लागते. म्हणजे मुलगी आत्तापासून इथंच शिकून बारावी झाली तर दोन्ही दारं बंद आणि मग एनआरआय कोट्याची फी. आमची मोठी सातवीत आहे आणि आमच्या घरात सध्या रोज रात्री हाच विषय. तुम्हाला आणायचंच असेल तर आत्ता आणा आणि आठवीच्या आत परत पाठवायचं हे ठरवूनच आणा. मधेच उपटून नेलं की मुलींना फार त्रास होतो, तेरा-चौदाव्या वर्षी मैत्रिणी सुटल्या की त्या बोलत नाहीत पण आतून मिटतात.

*

खानापूरकर_दुबई:

ताई, खूप उपकार. केसीईटीचं मला अजिबात माहीत नव्हतं आणि सीमाभागाच्या सवलतीचं फक्त नाव ऐकून होतो. आमचं गाव ८६५ मध्ये येतं. बायकोला तुमचं सगळं वाचून दाखवलं, ती बॅगेचं ऐकून हसली आणि मग जरा वेळ काही बोलली नाही. काका, बेसिक बघितला, एकूण पगाराच्या निम्मा पण नाही.

*

टिळकवाडी_ते_लंडन:

मी आखाती देशात नाही, लंडनला आहे, नर्सिंग करून २००४ ला आले, आता हॅरोच्या बाजूला घर. काकांचं बरंच पटलं पण एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. काका म्हणतात व्हिसामुळं असं होतं. मला इथं पाच वर्षांनी आयएलआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळालं, मग नागरिकत्व, आता मला कोणी हाकलू शकत नाही, शेजारी तेच आहेत पंधरा वर्षं, तरी पण दादा म्हणतोय तो पोकळपणा मला पण आला. साधारण दहाव्या वर्षी. तेव्हा कागदाचा काही प्रश्न नव्हता.

माझ्या मते ते असं होतं की पहिली वर्षं आपल्याला काहीतरी मिळवायचं असतं, रजिस्ट्रेशनची परीक्षा, भावाच्या शिक्षणाचा खर्च, आई-बाबांच्या घराचा स्लॅब. प्रत्येक ओव्हरटाईमला कारण असतं. डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार पडतो, नाईट करून सकाळी बसस्टॉपवर उभं राहायचं तर तेव्हा पण नीट उजाडलेलं नसतं, म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही, पण तेव्हा ते जाणवलं पण नाही कारण स्लॅबचे पैसे पाठवायचे होते. मग एक दिवस सगळी कारणं संपली. भाऊ कमवायला लागला, घर झालं. आणि तोच अंधार मला सोसेना. शहर तेच, पगार जास्त, आणि मी ड्युटीवरून येऊन कोट न काढता सोफ्यावर बसून राहायची. म्हणून दादाला विचारते, तुझी कारणं संपलीत का रे? घर झालं, कर्ज फिटलं, बहिणीचं लग्न झालं, असं काही? तसं असेल तर पुढचं कारण काय ते आधी ठरव, दुबई का खानापूर हे त्याच्यानंतर.

मला इथं पुन्हा धरून ठेवलं ते वॉर्डातल्या नवीन मुलींनी. केरळच्या, फिलिपिन्सच्या, आता आपल्या बेळगावच्या पण येतात, त्यांना पहिल्या महिन्यात बँक, घर, थंडीचे बूट सगळं मी बघून देते. आणि महाराष्ट्र मंडळ, १९३२ पासूनचं आहे, तिथं सत्तर-ऐंशीच्या आज्या भेटतात ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात इथं संसार मांडले. त्या सांगतात की पत्राला उत्तर यायला तीन आठवडे लागायचे. त्यांच्याकडं बघून मला कळलं की माझी गोष्ट अजून अर्धी पण झालेली नाही.

एक महत्त्वाचं, शेताबद्दल. मी चौकशी केलेली म्हणून माहीत आहे. एनआरआय असो किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा), शेतजमीन विकत घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेची खास परवानगी असल्याशिवाय. वारसानं आलेली ठेवता येते. कर्नाटकानं २०२० मध्ये कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्याला पण जमीन घेता येते असं झालं, त्यामुळं बरेच एजंट एनआरआयला पण चालतं म्हणून सांगतात. तसं नाही, हा फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, नियम केंद्राचा आहे. तुझ्या नावावर दोन एकर घेऊ नको. वडिलांच्या किंवा वहिनींच्या नावावर, त्या गावी राहत असताना, ते होऊ शकतं. वहिनी दुबईला आल्या की त्या पण एनआरआय. म्हणजे शेत आधी का व्हिसा आधी, हा क्रम बघावा लागेल. बेळगावातल्या चांगल्या सीएला आणि वकिलाला दोघांना विचार.

*

येळ्ळूरचा_धाकटा:

मी बाहेर कधी गेलो नाही. माझा मोठा भाऊ मस्कतला आहे बरीच वर्षं आणि मी घरी, शेती आणि एक छोटं टेम्पोचं काम. इथं सगळे बाहेरचे बोलायलेत म्हणून राहवलं नाही, इकडचं पण कोणीतरी सांगायला पाहिजे.

तुम्ही लोक म्हणता गावी आलो की पाहुण्यासारखं वाटतं. होय, वाटणार. कारण तुम्ही नसताना आम्ही घर तुमच्याशिवाय चालवायला शिकलेलो असतो. शिकावंच लागतं. माझ्या वडिलांना डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोन वेळा येळ्ळूरहून दवाखान्यात न्यायचं, चार तास बाहेर बाकड्यावर बसायचं, परत आणायचं, त्या दिवशी टेम्पोचं भाडं सोडायचं. भावानं पैशाला कधी मागंपुढं बघितलं नाही, प्रत्येक बिल त्यानं भरलं, मी हे सगळ्यांना सांगतो. पण तो फोनवर डॉक्टर बदला, बेंगळूरला न्या, हे औषध का देतात असं विचारायचा आणि मी तिथं बाकड्यावर बसून उत्तरं द्यायचो. एकदा मला फार राग आला. पण नंतर वहिनीनं सांगितलं की तो रात्री झोपत नाही, पहाटेपर्यंत मोबाईलवर किडनीचंच वाचत बसतो. तेव्हापासून मी काय करतो, डायलिसिस चालू असताना त्याला व्हिडिओ कॉल लावून फोन वडिलांच्या हातात देतो आणि मी बाहेर जाऊन चहा पितो. दोघं बोलत बसतात. वडील त्याला उसाचा भाव सांगतात, रताळ्याची काढणी कुठपर्यंत आली सांगतात. चार तास कसे गेले दोघांना कळत नाही. तुमच्या दुबईत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही म्हणे, तर जे काय चालतं ते ॲप वडिलांच्या मोबाईलमध्ये घालून द्या.

दादा, तुमच्या घरी आई-वडिलांचं कोण बघतं? तुमची बायकोच बघत असणार. ती मुलीला घेऊन दुबईला आली तर इथं कोण, हे कोणी विचारलेलं दिसलं नाही म्हणून मी विचारतो.

*

अल_कूझ_नवीन:

सगळं वाचलो. मी मागच्या वर्षी आलोय, हुक्केरी तालुक्यातला, बांधकाम साईटवर स्टील फिक्सर. आम्ही कॅम्पमध्ये आहोत, पहाटे चारला उठायचं, डबा भरायचा, बस. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम बंद असतं तेव्हा सावलीत आडवं पडून मी असलं काहीतरी वाचत असतो. दादा, तुम्ही बेड स्पेसचं लिहिलंय ते मला आत्ता तसंच आहे, पडदा पण तसाच. आमच्या खोलीत अथणी, जत, विजापूरची पोरं आहेत, मराठी-कन्नड दोन्ही चालतं, रविवारी भाकरी करतो. मला सध्या फार करमतं असं नाही पण या पोरांमुळं दिवस जातात. तुम्ही कुसैसला आहात तर एक दिवस येऊ काय भेटायला? काका, माझ्या काँट्रॅक्टमध्ये बेसिक ९०० लिहिलाय आणि बाकी अलाउन्स. आता काही करता येतं काय?

*

उद्यमबागचा_काका:

हुक्केरीच्या पोरा, काँट्रॅक्ट रिन्यू होताना बेसिक वाढवून मागायचा, अलाउन्स कमी झाला तरी चालेल म्हणायचं, एकूण तेवढाच राहिला तरी ग्रॅच्युइटी वाढते. मधे काही होत नाही सहसा. पगाराचे कागद, काँट्रॅक्टची कॉपी मोबाईलमध्ये फोटो काढून घरी पण पाठवून ठेव. २०२३ पासून नोकरी गेल्यावरचा इन्शुरन्स पण सक्तीचा आहे, तुझ्या पगाराला महिना ५ दिरहम पडतो, तो भरलाय का बघ, नाहीतर दंड लागतो.

लंडनच्या ताईंचं म्हणणं मला पटलं. माझी पण कारणं २०१५ च्या आसपास संपलेली, मुलगा नोकरीला लागला तेव्हा. त्यानंतरची पाच वर्षं मी तिथं होतो ती सवयीनं.

*

खानापूरकर_दुबई:

येळ्ळूरच्या भावा, तुझा प्रश्न वाचून मी फोन खाली ठेवला आणि जरा फिरून आलो. होय, बायकोच बघते. आईला सांधेदुखी, वडिलांना बीपी. धाकटा भाऊ पुण्याला. मी बारा वर्षं जे पैसे पाठवायलोय त्याच्या जोडीला तिचे हात आहेत हे मी तिला कधी तोंडानं बोललो नव्हतो. काल बोललो. ती म्हणाली मला दुबईत राहायचं नाही, मला फक्त तुम्ही कुठं राहता, काय खाता, कुठल्या खिडकीतून फोन करता ते एकदा बघायचं आहे.

तेव्हा आमचं आत्तापुरतं असं ठरलंय. एप्रिल-मेच्या सुट्टीत दोघींना व्हिजिट व्हिसावर आणतो, तेवढे दिवस धाकटा भाऊ त्याच्या बायकोसह गावी येऊन राहतो म्हणालाय. मुलगी खानापूरलाच शिकणार. दोन एकर वडिलांच्या नावावर घ्यायचं बघतो, वकिलाशी बोलणं झाल्यावर. आणि मी चिलरचा एक कोर्स इथं करून घेतो, पुढच्या रिन्यूअलच्या आधी परत यायचं का ते ठरवू, काका मी तुम्हाला त्या वेळी उद्यमबागेत येऊन भेटेन. लंडनच्या ताई, कारण विचारलंत. बहिणीचं लग्न २०१९ ला झालं आणि घराचं कर्ज २०२२ ला फिटलं. तुम्ही म्हणता तेच.

अल कूझच्या भावा, ये की. या रविवारीच ये, मेट्रोनं ये, कुसैसच्या स्टेशनवर मी घ्यायला येतो. खोलीतल्या दोन-चार जणांना पण घेऊन ये, मटण मी करतो.

*

निपाणीची_लेक:

फार बरं वाटलं वाचून. दादा, व्हिजिटला येताना एप्रिलच घ्या, मे अखेरीस ऊन सोसवत नाही, लहान मुलीला बाहेर काढता येत नाही. तिला अब्रात बसवा, शिंदगा बाजूला संध्याकाळी चालायला छान आहे आणि फुकट आहे. कारंजं पण दाखवा. आणि एक, मुलीचा पासपोर्ट काढला नसेल तर आत्ताच अर्ज करा, जन्मदाखला, आधार आणि शाळेतल्या नावाचं स्पेलिंग सगळीकडं एकच आहे का बघा. आपल्याकडं कन्नडमधून इंग्रजी करताना आडनावाचं काहीही लिहितात, आमच्या धाकट्याचं दुरुस्त करायला दोन महिने गेले. तिकडून येताना तिखट मात्र थोडं जास्तच आणायला सांगा वहिनींना, रविवारी पोरं जेवायला येणार आहेत ना तुमच्याकडं.